भिंतीसकट फोटो

घर बदललं की माणसं पडदे बदलतात. प्रतिमाबाईंनी उलटं केलं. घरं सहा बदलली आणि पडदा एकच ठेवला.

पडदा म्हणजे तरी काय, एक सोलापुरी चादर. लग्नात मामानं दिलेली, विटकरी रंगाची, मधोमध दोन मोर. प्रतिमाबाईंचे यजमान सदाशिवराव विमा कंपनीत अधिकारी. नोकरी विम्याची आणि संसार बदलीचा. खंडवा झालं, ग्वाल्हेर झालं, अमरावती, कोटा, पुन्हा ग्वाल्हेर आणि शेवटी जयपूर. गाव कुठलंही असो, फोटो काढायची वेळ आली की चादर ट्रंकेतून निघायची, दोन खिळ्यांवर चढायची आणि घरातले सगळे तिच्यापुढं ओळीनं उभे राहायचे. वाढदिवस चादरीपुढं, मुंज चादरीपुढं, दहावीचा पेढासुद्धा चादरीपुढं. या घरातली सगळी कार्यं मोरांनी पाहिली. देवांनी पाहिली की नाही सांगता यायचं नाही, त्यांचा देव्हारा स्वयंपाकघरात.

ह्याची सुरुवात खंडव्याला झाली. निनाद, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, तेव्हा नुकता पालथा पडायला लागला होता. घरात रिळाचा कॅमेरा होता, पण सदाशिवरावांच्या फोटोत माणसांची धडं यायची, डोकी यायची नाहीत. म्हणून कॅमेरा प्रतिमाबाईंकडे आला तो कायमचाच. त्यांनी बाळाचा फोटो काढला, धुऊन आणला आणि वाईला थोरल्या नणंदेकडे पाठवला. प्रभावतीवन्संचं उत्तर आलं की बाळ गोड आहे, जावळ छान आहे, आणि मागच्या भिंतीला ओल दिसते ती कसली, सदाला लहानपणी दमा होता.

वन्सं वाईट नव्हत्या. पण त्यांच्या तोंडचं वाक्य आणि बरणीतली कैरीची फोड, दोन्ही वर्षभर मुरायची. नवी सून, परमुलूख, आणि भिंत घरमालकाची. प्रतिमाबाई काय करणार? भिंत झाकता येत होती, ती त्यांनी झाकली. पुढं ग्वाल्हेरच्या घराची भिंत चांगली होती, पण तिथं नळाचा पाइप मध्ये यायचा. अमरावतीला पाइप नव्हता, पण पलंगाखाली गॅसचं सिलिंडर दिसायचं. असं करत करत चादर म्हणजे घरचा रिवाजच झाला. वाईला फोटो गेले ते सगळे मोरांचे. वन्संनी पुन्हा कधी ओल काढली नाही.

आता गेल्या दिवाळीची गोष्ट. सदाशिवराव निवृत्त झाले होते. जयपूरच्या विद्याधर नगरातलं वरच्या मजल्यावरचं भाड्याचं घर संक्रांतीनंतर सोडायचं आणि पुण्याला निनादच्या जवळ जाऊन राहायचं, असं ठरलं होतं. निनाद बांधाबांधीला मदत म्हणून चार दिवस आला. अल्बम खोक्यात भरता भरता दोघं बापलेक एका फोटोपाशी अडले. फोटोत निनाद तीन चाकांच्या सायकलवर. सदाशिवराव म्हणाले, ग्वाल्हेर. निनाद म्हणाला, छे, अमरावती, मागं पेरूचं झाड होतं, मला आठवतंय. सदाशिवराव म्हणाले, झाड दाखव. झाड कुठलं दाखवतो? मागं मोर.

दोघं भांडत भांडत न्यायनिवाड्यासाठी प्रतिमाबाईंकडे आले. त्यांनी चष्मा लावला, फोटो उजेडात धरला, उलटा करून पाहिला. आणि त्यांनाही सांगता आलं नाही.

त्या तेव्हा हसल्या. घरातली तिघंही हसली. पण नंतर भांडी घासताना त्यांच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. कोट्याच्या घराला निळी खिडकी होती, तिच्यात बसून त्यांनी गहू निवडले होते. अमरावतीच्या माळ्यावर मांजर व्यायली होती. दुसऱ्या ग्वाल्हेरच्या ओट्याला एक खड्डा होता, त्यात बरोबर पोळपाट बसायचा. सहा घरं त्यांनी सारवली नसतील, पण पुसली, झाडली, सणाला सजवली. अल्बमात त्यांतलं एकही नाही. माणसं सगळी आहेत, घर एकही नाही. जणू ह्या बाईनं सगळा संसार चादरीवर केला.

म्हणून त्यांनी ठरवलं. हे शेवटचं भाड्याचं घर, ह्याचा तरी एक फोटो हवा. एकच, पण माणसांसकट आणि भिंतीसकट. आणि तो वाईला पाठवायचा.

ठरवणं सोपं. निनादनं स्वतःसाठी नवा कॅमेरा घेतला होता, जुना त्यानं आईच्या हातात ठेवला. पण लेन्स काढून घेतली, ती त्याच्या नव्याला चालत होती. म्हणजे कॅमेरा आला तो डोळ्याशिवाय. निनाद म्हणाला, "आई, लेन्स माझ्याकडून. जवळची एक घे, लांबची एक घे."

"एकच घेईन," प्रतिमाबाई म्हणाल्या.

हा हट्ट नव्हता, नेम होता. बदलीच्या संसारात एका कामाला एकच वस्तू. तवा एक, विळी एक, छत्री एक. दुसरी आली की ती बांधायची कुणी आणि उतरवायची कुणी? नवराही एकच ठेवला, असं त्या वर म्हणायच्या आणि सदाशिवराव पेपर चेहऱ्यासमोर धरायचे.

मग सुरू झाले सल्ले. लग्नात नवरीला साडी घेताना येत नसतील इतके. निनादचं म्हणणं, चेहऱ्याची लेन्स घे, ध्रुवचे फोटो काय सुंदर येतील. ध्रुव म्हणजे त्याचा दोन वर्षांचा लेक. सून ऋचा म्हणाली, आई, सगळ्यात थोडं थोडं जमणारी असते ती घ्या. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण विमलजी म्हणाल्या, लांबची घ्या भाभीजी, आमच्या जिजाजींनी तिच्यानं बिबट्याचा फोटो काढला, मिशा मोजून घ्या. सदाशिवरावांचंही मत लांबचीच. पुण्याला जाईपर्यंत गच्चीत खुर्ची टाकून डोंगरावरचा नाहरगड किल्ला जवळ आणायचा, असा त्यांचा बेत. प्रतिमाबाईंनी विचारलं, आणून ठेवणार कुठं?

दोघं एम. आय. रोडवरच्या एका दुकानात गेली. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट, वरपासून खालपर्यंत काचेची कपाटं. गल्ल्यामागं दर्शन नावाचा तरुण, मालकाचा भाचा, बोलायला गोड. त्यानं आधी लांबची लेन्स काढली. दुधीभोपळ्याएवढी. सदाशिवराव ती घेऊन दुकानाच्या पायरीवर गेले आणि परत येईनात. समोरच्या इमारतीवरची कबुतरं त्यांना मान घासताना दिसली, पाच बत्तीच्या चौकातल्या पोलिसाच्या मिशीला मेंदी लावलेली दिसली. ते तिथूनच एकेक बातमी आत पाठवत होते.

प्रतिमाबाईंनी ती लेन्स घेतली आणि नवऱ्याकडे रोखली. दिसला फक्त कान. त्यांनी दर्शनला सांगितलं, "भैया, घर में इतना दूर जाने को जगह नहीं. पीछे फ्रिज लगता है."

दर्शन हसला. मग त्यानं चेहऱ्याची लेन्स बसवली, सदाशिवरावांना कपाटापुढं उभं केलं आणि फोटो काढून दाखवला. खरं सांगायचं तर प्रतिमाबाईंना नवरा इतका देखणा लग्नातही वाटला नव्हता. डोळे स्वच्छ, सुरकुत्या मऊ, आणि मागची कपाटं, खोकी, तारा, सगळं विरघळून गेलेलं, दुधात साय हलावी तसं.

"देखिए आंटीजी," दर्शन म्हणाला, "पीछे सब मक्खन."

प्रतिमाबाई बघत राहिल्या. मग त्यांनी मागं वळून नवऱ्याला मराठीत सांगितलं, "अहो, ह्यात आतच सोलापुरी चादर बसवलीय."

सदाशिवराव इतके हसले की दर्शनला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. प्रतिमाबाईंनी त्याला समजावलं. "मक्खन नहीं भैया, मेरे को दीवार चाहिए. चप्पल भी चाहिए. डिब्बा-बर्तन सब."

दर्शनच्या आयुष्यात असं गिऱ्हाईक आलं नसावं. लोक मागचं घालवायला लेन्स घेतात, ही बाई मागचं आणायला आलेली. त्यानं डोकं खाजवलं आणि एक बुटकी, तोंडानं रुंद लेन्स काढली. वाइड अँगल झूम. दिसायला अशी की भाजीची वाटीच. तिचं कडं एका अंगाला फिरवलं की समोरचं जग पोळी लाटावी तसं चहूबाजूंनी पसरतं, दुसऱ्या अंगाला फिरवलं की साध्या डोळ्याला दिसतं साधारण तेवढं. त्याहून जवळ काही येत नाही. दर्शननं प्रामाणिकपणे दोषही सांगितले. चिमणी काढाल तर मोहरी दिसेल. देवळातला देव लांबून काढाल तर फक्त देऊळच येईल. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, "किनारे वाला आदमी मोटा आता है."

"लांबचं पाहिजे असलं तर पायात चपला आहेत की," प्रतिमाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

त्या दुकानाच्या कोपऱ्यात गेल्या, पाठ भिंतीला टेकवली, कडं फिरवलं आणि एक फोटो काढला. त्या फटीएवढ्या दुकानात काय काय मावलं म्हणून सांगावं! दोन्हीकडची कपाटं, दारातला रस्ता, रस्त्यावरची रिक्षा, पुन्हा पायरीवर गेलेले सदाशिवराव, छताचा पंखा, गल्ल्यावरचा गणपती, आणि गल्ल्याखाली दर्शनचा जेवणाचा डबा, त्यातून बाहेर डोकावणारी हिरवी मिरची. दर्शननं ओशाळून डबा पायानं आत ढकलला. प्रतिमाबाई म्हणाल्या, राहू दे रे, तुझ्या आईनं दिलाय ना? मग तिलाही कळू दे तू कुठं बसून जेवतोस.

लेन्स ठरली.

घरी आल्यावर निनाद फोनवर म्हणाला, आई, एकच घ्यायची आणि तीही ही? लोक ही तिसरी नाहीतर चौथी म्हणून घेतात. प्रतिमाबाई म्हणाल्या, लोकांची घरं मोठी असतील.

पुढचे काही आठवडे मात्र त्या लेन्सनं त्यांना पाणी पाजलं. रुंद डोळ्याचं एक असतं, त्याला सगळं दिसतं, आणि सगळं म्हणजे सगळं. पहिल्या दहा-बारा फोटोंत प्रतिमाबाईंच्या स्वतःच्या पायाची बोटं आली. मग बोटं गेली आणि पदर आला. कॅमेरा जरा खाली वाकला की फ्रिज आणि कपाट एकमेकांपासून फाकून उभी राहायची, जशा भांडणानंतरच्या जावा. वर उचलला की खोलीच्या भिंती आत कलायच्या आणि खोली तंबूसारखी दिसायची. शेवटी त्यांनाच युक्ती सापडली. काठोकाठ भरलेलं आमटीचं पातेलं दोन्ही हातांनी धरून न्यावं, तसा कॅमेरा धरायचा. इकडं नाही, तिकडं नाही. मग भिंती सरळ उभ्या राहिल्या.

माणसांचं शिक्षण वेगळं. विमलजी एकदा गाजर का हलवा घेऊन दारात आल्या आणि प्रतिमाबाईंनी वीतभर अंतरावरून त्यांचा फोटो काढला. फोटोत नाक आधी आलं आणि विमलजी नंतर. दोन दिवस त्या जिन्यात भेटल्या तरी नुसत्या राम राम करायच्या. मग प्रतिमाबाईंनी खाली जाऊन त्यांचा दुसरा फोटो काढला, त्यांच्या अंगणात, मधोमध, भोवती तुळस, झोपाळा, पापड वाळत घातलेली खाट. तो विमलजींना इतका आवडला की त्यांनी फ्रेम करून घेतला. तेव्हापासून त्यांच्या एक लक्षात राहिलं, भाभीजींच्या फोटोत उभं राहायचं तर मध्ये, कडेला मेलं तरी नाही.

संक्रांत आली. जयपूरची संक्रांत गच्चीवर असते. सकाळपासून अख्खं शहर वर चढतं, आभाळ पतंगांनी भरतं आणि प्रत्येक गच्चीवरून "वो काटा" ऐकू येतं. खाली रस्त्यावर काय ती गाय आणि मांजा गुंडाळणारे. प्रतिमाबाईंच्या घरी मात्र बेत मराठी. निनाद, ऋचा आणि ध्रुव आले होते, ध्रुवचं बोरन्हाण करायचं होतं. मराठी मंडळातल्या चार-पाच बायका हळदीकुंकवाला येणार होत्या, कुणी बँकवाल्यांची, कुणी रेल्वेवाल्यांची. ध्रुवला काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर हलव्याचा मुकुट. मुकुटातले दाणे तो एकेक काढून खात होता, त्यामुळं कार्य लवकर उरकणं भाग होतं.

आणि घर? घर अर्धं खोक्यांत गेलेलं. खोक्यांवर खोकी, देव्हारा अजून जागेवर, दोरीवर वाळणारे टॉवेल, कॅलेंडर, आणि कॅलेंडराच्या खाली ओल. जयपुरात पाऊस तो काय पडतो, पण वरच्या टाकीचा पाइप गळायचा आणि ओल वाट शोधत बरोबर ह्यांच्या भिंतीत यायची. तिचा आकार दर वर्षी थोडा थोडा वाढत होता. आता ती कासवाएवढी होती.

प्रतिमाबाई स्वयंपाकघरातून बोरांनी भरलेलं सूप घेऊन बाहेर आल्या आणि थबकल्या. भिंतीवर मोर.

ऋचानं सासूला मदत म्हणून खोकं उघडून चादर काढली होती आणि कॅलेंडराच्या वरच्या दोन खिळ्यांवर छान ताणून टांगली होती. निनादच्या लहानपणापासूनचे सगळे फोटो तिनं पाहिले होते, त्या घरात फोटोला चादर लागते एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. ती समाधानानं म्हणाली, "आई, तुम्ही विसरणार होतात, मी लावली."

आता बघा, एवढा निर्धार केलेली बाई. दुकानात मक्खन नको म्हणून सांगून आलेली. पण मोर समोर दिसले आणि त्यांचा हात आपोआप चादरीची चुणी सारखी करायला गेला. किती नीटनेटकी दिसत होती खोली! ओल नाही, डाग नाही. फोटो वाईला जाणार, वन्सं चष्मा लावून बघणार. छत्तीस वर्षं ज्या तोंडातून शब्द निघू दिला नाही, त्याला आता जाता जाता कशाला आमंत्रण द्यायचं?

त्यात विमलजी आल्या, हातात फेणी-मिठाईचं ताट. आपल्या भिंतीवर चादर बघून त्यांना फार बरं वाटलं. त्या म्हणाल्या, "अच्छा किया भाभीजी. दीवार मत लेना फोटो में, लोग मकान-मालिक को क्या कहेंगे."

सदाशिवराव खुर्चीवरून हळूच म्हणाले, "राहू दे की. ताईचा स्वभाव माहीत आहे ना तुला."

सगळ्यांचं एकमत झालं की प्रतिमाबाईंना नेहमी काहीतरी आठवायचं. ह्या वेळी आठवली कोट्याची निळी खिडकी. आठवली म्हणजे काय, तिचा निळा नक्की कुठला होता तेच आठवेना. आकाशी की मोरपंखी? त्यांनी बोरांचं सूप ऋचाच्या हातात दिलं, खोक्यावर चढल्या आणि चादरीची दोन्ही टोकं खिळ्यांवरून सोडवली.

"विमलजी," त्या भिंतीवरच्या ओलीकडं बोट दाखवून म्हणाल्या, "सीलन आपकी है, घर हमारा है."

विमलजींनी क्षणभर विचार केला, राग मानावा की नाही. मग त्याच हसायला लागल्या आणि ताट खाली ठेवून चादरीचं दुसरं टोक त्यांनी धरलं. दोघींनी मिळून चादर जमिनीवर अंथरली. ध्रुवला उचलून दोन मोरांच्या मधोमध बसवलं. इतकी वर्षं पाठीमागं उभे असलेले मोर पहिल्यांदा बसले.

मग माणसं लावायची. कडेचा माणूस जाड येतो ही बातमी विमलजींनी बायकांत आधीच पसरवली होती, त्यामुळं मधली जागा पकडायला जी घाई झाली ती प्रसादालाही होत नाही. कड मोकळी ती मोकळीच. प्रतिमाबाईंनी नवऱ्याला बोलावलं. सदाशिवराव म्हणजे वाळत घातलेला सदरा, लग्नापासून वजन तेच. त्यांना टोकाला उभं केलं. ते म्हणाले, मीच का? त्या म्हणाल्या, "तुमच्या अंगाला लागू दे जरा काहीतरी. माझ्या स्वयंपाकानं तर जमलं नाही."

त्या मागं मागं सरकत गेल्या आणि पाठ फ्रिजला टेकली. फ्रिज गुरगुरत होता. प्रत्येक घरात त्यांच्या पाठीला शेवटी काहीतरी टेकायचंच, कधी कपाट, कधी मोरीचं दार. पण ह्या वेळी तिथंच खोली संपली नाही. कडं फिरवलं आणि घर उघडत गेलं. आधी माणसं, मग देव्हारा, मग ओल, मग फडताळ, मग उघडी बाल्कनी आणि तिच्यापलीकडच्या गच्च्या. आमटीचं पातेलं धरावं तसा त्यांनी कॅमेरा धरला.

ऋचानं ध्रुवच्या डोक्यावरून बोरं ओतली. चुरमुरे, उसाचे तुकडे, रेवड्या, हरभऱ्याचे घाटे, सगळं त्याच्या मुकुटावरून खाली घरंगळलं. विमलजींची नातवंडं झेपावली. बोरं खोक्यांखाली, खुर्चीखाली, देव्हाऱ्याखाली पळाली. ध्रुवनं सगळ्यात मोठं बोर पकडून तोंडात घातलं आणि आंबट लागलं म्हणून डोळे मिटले. रेल्वेवाल्या प्रणालीबाई उसाचा तुकडा नेमका डोक्यात बसला म्हणून हसत सुटल्या. प्रतिमाबाईंनी बटण दाबलं, दाबलं, दाबत राहिल्या.

शंभरात नव्वद फोटो टाकाऊ. कुणाचे डोळे मिटलेले, कुणाचा हात पुढं. एक मात्र असा आला की निनादसुद्धा बघत राहिला. त्यात तो स्वतः तोंड उघडं टाकून उभा होता, विमलजी भलतीकडेच बघत होत्या, तरी तो म्हणाला, "आई, हाच." त्यानं फोटो कॅमेऱ्यातून फोनवर घेतला. वाईला मात्र प्रतिमाबाईंनी स्वतःच्या बोटानं पाठवला. पाठवला आणि फोन पालथा ठेवला.

संध्याकाळी उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. वन्संनी फोटो बघितल्याच्या दोन निळ्या खुणा मात्र केव्हाच उमटल्या होत्या. प्रतिमाबाईंनी तिळाचे लाडू डब्यात भरले, ट्रंकेवर नावं घातली, एकदा उगाचच ओलीवरून हात फिरवला. सदाशिवराव खोक्यांखालची बोरं काठीनं बाहेर काढत होते.

दुपारी फोन वाजला. वन्संचं वय आता पंचाहत्तरीचं, पण आवाज तोच, वाईच्या घाटावरून हाक मारली तर पाचगणीला ऐकू जाणारा.

"प्रतिमा, भिंतीला ओल आहे."

"आहे, वन्सं."

"कॅलेंडराच्या खाली."

"मागंही आहे. कॅलेंडर लावलंय म्हणून दिसत नाही."

पलीकडं वन्सं हसायलाच लागल्या. त्यांचं हसू थांबेपर्यंत प्रतिमाबाईंनी एक लाडू खाऊन घेतला.

वन्सं म्हणाल्या, कालपासून फोटोच बघतेय. नातीनं शिकवलं होतं, दोन बोटं काचेवर फाकवली की चित्र मोठं होतं. त्यांनी घराचा कानाकोपरा तसा मोठा करून पाहिला होता. आता एकेक करून त्या विचारत सुटल्या. फडताळात वरच्या फळीवरची चिनी मातीची बरणी माझीच का, लोणच्याची? हो, तीच, सहा घरं फिरली, कानाला तेवढी चीर गेलीय. देव्हारा आमच्या आईचा का? हो. टॉवेलाच्या दोरीवर लाल काय अडकलंय? प्रतिमाबाईंनी उठून बाल्कनीत जाऊन पाहिलं. कटलेला पतंग. घरातल्या एकाच्याही लक्षात आला नव्हता. तो वाईहून दिसला.

"आणि सदा एवढा कधी भरला गं?"

सदाशिवरावांनी काठी थांबवली. प्रतिमाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "माझ्या हातचं खाऊन, वन्सं."

"बरं झालं. मला फार काळजी होती त्याची." आणि मग, "सगळे दिसले. तू कुठंयस पण?"

"मी तुम्हाला घर दाखवत होते."

ह्यावर वन्सं बोलल्या तेव्हा आवाज घाटावरचा नव्हता, चुलीजवळचा होता. म्हणाल्या, छत्तीस वर्षं झाली, तुझ्या एका घरी येणं झालं नाही माझं. आधी सासू, मग गुरं, मग गुडघे. पत्र आलं की म्हणायचे, फोटोत तरी बघू हिनं कसं मांडलंय. आणि बघावं तर मेले ते मोर. मला वाटायचं, मला दाखवायचं नसेल हिला.

प्रतिमाबाई त्या पहिल्या पत्रातली ओल काढणार होत्या, पण ती जिभेवरच राहिली. कुणाचं चुकलं आणि कुठं, ते काढत बसलं तर खंडव्यापर्यंत जावं लागलं असतं, आणि आता खंडव्याला कोण जातो?

"चांगलं घर आहे," वन्सं म्हणाल्या. "उजेड आहे. बरणी तेवढी खालच्या फळीवर घे, पडेल. झालं माझं बघून. आता चहा टाक."

"आत्ता टाकते."

"खरंच टाक. मीही टाकते इथं."

भांडी सगळी खोक्यात गेली होती. एक पातेलं बाहेर होतं, एका कामाला एक, त्यात दुपारचं दूध. प्रतिमाबाईंनी दूध वाटीत काढलं, पातेलं विसळलं, चहाचं आधण ठेवलं आणि फोन ओट्यावर उभा करून त्याचा आवाज मोठा केला. तिकडं वाईला भांड्याला भांडं लागल्याचं ऐकू आलं. वन्सं विचारत होत्या, आलं घालतेस की वेलची. सदाशिवराव कपबश्या शोधायला उठले आणि खोक्याच्या कडेवर अडखळले आणि तिथं पुन्हा दोन बोरं सापडली म्हणून खूष झाले.